गल्लीतली निवडणूक: पाकिटाची तक्रार आणि ओट्यावरचा वाद

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की पहिल्या आठ दिवसांत ओट्यावर आवाज चढतो आणि पैसे कुणाच्या हातून वाटायचे ते गुपचूप ठरतं. चढलेल्या आवाजाचा फायदा वाटणाऱ्यालाच होतो. पाकीट घेऊन फिरणारा माणूस बाहेरचा नसतो. तो कुणाचा साडू, कुणाचा चुलतभाऊ, कुणाचा बांधाला बांध लागून असलेला शेजारी असतो, आणि त्याला बघणारा साक्षीदारही त्याच गल्लीतला. तुम्ही चौकात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला की साक्षीदार घरात जाऊन बसतो, कारण उद्या त्याला त्याच विहिरीवर पाणी भरायचं असतं. म्हणून पुरावा जमवणं आणि तोंड सांभाळणं ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात.

पुढची माहिती मुख्यतः जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रामपंचायतींसाठी आहे. नगरपालिकेत वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

कुणाचं दार ठोठवायचं

सगळ्यात जास्त तक्रारी चुकीच्या दारात वाया जातात. सी-व्हिजिल ॲप आणि १९५० हा क्रमांक भारत निवडणूक आयोगाचे, म्हणजे लोकसभा-विधानसभेचे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. संविधानाच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर आलेला हा वेगळा आयोग. ग्रामपंचायतीसाठी निवडणूक निर्णय अधिकारी तहसील कार्यालयातून काम बघतो, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर जिल्हाधिकारी. लेखी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला, प्रत तहसीलदार आणि जिल्हाधिकाऱ्यांना. वाटप डोळ्यांसमोर चालू असेल तर ११२.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ इथे लागत नाही. तो लोकसेवकाच्या लाचेसाठी. निवडून आल्यावर सरपंच घरकुलाच्या यादीत नाव घालायला पैसे मागू लागला, की मग १०६४.

यादीचं काम निवडणूक लागण्याआधीच

राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदारयादी बनवत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि वॉर्डवार फोडतो. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती एवढ्याचपुरती: नाव चुकीच्या वॉर्डात गेलं, विधानसभेच्या यादीत होतं पण इथे गळालं, लिहिताना चूक झाली. नवं नाव घालणं किंवा मयताचं काढणं त्या टप्प्यावर होत नाही. दरवेळी पन्नास लोक प्रारूप यादी घेऊन तहसीलला जातात आणि हात हलवत परत येतात, ते यामुळेच.

म्हणून निवडणुकीच्या सहा-आठ महिने आधी यादीची प्रत घ्या आणि गल्ली गल्ली फिरा. नावापुढे चारच खुणा करा: मयत, लग्न होऊन गेलेली, दुबार, बाहेरगावी. नाव काढायला नमुना ७, नव्या नावाला नमुना ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला नमुना ८. अर्ज बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, द्या किंवा ऑनलाइन भरा. मयताच्या अर्जाला दाखला जोडला तर काम लवकर होतं.

'बाहेरगावी' या खुणेशी जपून. आपल्याकडे निम्म्या गल्लीचा एक पाय सुरतेत असतो, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात. हंगामी कामाला गेलेल्याचं घर गावातच असतं, मत त्याचं हक्काचं आहे. ज्याचं नाव सुरतेच्या यादीतही आहे आणि इथेही आहे, तो दुबार. ही दोन माणसं एकाच फटक्यात 'बोगस' म्हणून चौकात वाचून दाखवलीत, तर ऊसतोडीवाला आयुष्यभर तुमच्याशी बोलणार नाही. नावं वाचायचीच नाहीत. आधी घरी जाऊन विचारायचं, मग अर्ज.

मतदानाच्या दिवशी सुरतहून गाड्या येतात. त्या अडवू नका, गाडी अडवणं हा तुमच्यावरच गुन्हा होईल. गाडीचा क्रमांक, वेळ आणि कुणाच्या दारात उतरली एवढं लिहून ठेवा. निकालानंतर उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब मागताना उपयोगी पडेल.

पाकीट: काय गुन्हा, काय नाही

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. मतासाठी लाच हा कलम १७० चा गुन्हा, शिक्षा कलम १७३ मध्ये: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. देणारा जसा दोषी तसा घेणाराही. हे गावात फारसं कुणी सांगत नाही, आणि सांगायचं तर शेजाऱ्याला धमकावण्यासाठी वापरूही नका. गरीब बाईला 'तूही आत जाशील' म्हटलं की ती साक्ष देणार नाही.

मटणाची पंगत, भरीत पार्टी, बाटली यांना कायदा वेगळं मोजतो. खाऊपिऊ घालून दिलेल्या लाचेला फक्त दंड आहे. हिवाळ्यातल्या निवडणुकीत शेतात वांगी भाजली जाणारच, त्या पार्टीमागे तीन रात्री घालवू नका. तिचा फोटो खर्चाच्या हिशोबासाठी ठेवा आणि आपला वेळ रोख रकमेवर लावा.

रोख तरी आता सरळ कुठे येते? दुकानदाराकडे चिठ्ठी दाखवून किराणा, पेट्रोलचं कुपन, घरातल्या पोराच्या मोबाइलवर पैसे, थकलेली घरपट्टी परस्पर भरून पावती हातात, भजनी मंडळाला पेटी-पखवाज. सगळ्यांत पकडायला सोपी वाट म्हणजे भरलेली घरपट्टी. पावतीवर तारीख असते आणि ग्रामपंचायतीच्या रोकडवहीत, म्हणजे नमुना ५ मध्ये, नोंद असते. एकाच दिवशी एकाच वॉर्डातल्या चाळीस घरांची थकबाकी भरली गेली असेल तर ती वही बोलते.

आणखी एक प्रकार आपल्याकडे जोरात चालतो: पाकीट देताना हळद-कुंकू, गंगाजल किंवा कुलदैवताच्या फोटोवर हात ठेवायला लावणं. कलम १७१ नुसार 'मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल' असं मतदाराच्या मनात भरवणं हा गैरवाजवी प्रभाव धरला जातो. तो वेगळा गुन्हा आहे, तक्रारीत वेगळ्या ओळीत लिहा. शपथेत अडकलेल्या माणसाची चेष्टा करू नका. मत कुणाला दिलं हे कुणालाही कळत नाही, एवढं त्याला शांतपणे, एकट्यात सांगा.

पुरावा कसा धरायचा

'सगळेच पैसे वाटत आहेत' या तक्रारीवर कुणी काही करत नाही, करूही शकत नाही. पाच गोष्टी लागतात: कुणी दिलं, कुणाला दिलं, कुठे, किती वाजता, कुणासाठी. पाचवी सर्वांत अवघड. पाकीट देताना उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह उच्चारलं गेलं नाही, तर बचाव तयार असतो की उसनवारीचे पैसे होते. चिन्हाची चिठ्ठी पाकिटात असेल तर ती पाकिटातून वेगळी करू नका.

व्हिडिओ घेताना सुरुवातीला दहा सेकंद जागा दाखवा, म्हणजे विजेच्या खांबावरचा क्रमांक, दुकानाची पाटी किंवा शाळेचं गेट. मग माणूस. मध्ये थांबवून पुन्हा चालू करू नका, तुकडे जोडले की शंका येते. ती फाइल व्हॉट्सॲपवर साधी पाठवली तर आकसते आणि तिच्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि मूळ फोन जपा. पुढे कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ज्या फोनने चित्रीकरण झालं तो फोरमॅट करून विकला असेल तर वकिलाचे हात बांधले जातात.

तक्रारीआधी व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकणं ही नेहमीची चूक. टाकल्यावर वीस मिनिटांत उरलेली पाकिटं शेतातल्या पत्र्याच्या खोलीत जातात आणि पथक येतं तेव्हा तिथे फक्त कडबा असतो.

पाकीट तुमच्याच घरात टाकून गेले तर खर्चू नका आणि परत द्यायला धावूही नका. दोन शेजाऱ्यांसमोर उघडा, नोटांचे क्रमांक लिहा, फोटो काढा, ११२ ला कळवा आणि पंचनाम्यात जमा करा. पोलिसांनी पंच आणायला सांगितलं तर एक पंच तरी दुसऱ्या गल्लीतला बघा. दोन्ही पंच एकाच भाऊबंदकीतले असले की उलटतपासणीत तेवढंच विचारलं जातं. वाटणाऱ्याच्या अंगावर हात टाकणं, खिसे तपासणं, डिक्की उघडायला लावणं हे आपलं काम नाही.

तक्रार एका पानाची असावी. नमुना असा:

'प्रति, निवडणूक निर्णय अधिकारी, ग्रामपंचायत ……, ता. ……, जि. ……
विषय: मतदारांना रोख रक्कम वाटल्याबाबत.
दिनांक …… रोजी सायं. …… वाजता वॉर्ड क्र. …… मध्ये …… यांच्या घरासमोर श्री. …… यांनी श्री./श्रीमती …… यांना रु. …… रोख दिले व उमेदवार …… यांना मत देण्यास सांगितले. हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सोबत चित्रीकरण असलेला पेनड्राइव्ह जोडला आहे. मूळ फोन माझ्याकडे आहे. भारतीय न्याय संहिता कलम १७०, १७३ नुसार कारवाई व्हावी. केलेल्या कारवाईची लेखी माहिती मिळावी.'

'प्रत्यक्ष पाहिले' हे शब्द खरे असतील तरच लिहा. ऐकलेलं असेल तर 'अमुक यांनी मला सांगितले' असं लिहा. 'भ्रष्ट', 'गुंड', 'लुटारू' अशी विशेषणं काढून टाका, त्यांनी तक्रारीचं वजन घटतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

पोलीस ठाण्यात हा गुन्हा बहुधा अदखलपात्र म्हणून, एनसी करून नोंदवतात. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. 'एनसी झाली, चला घरी' असं समजू नका. एनसीची प्रत घ्या आणि तपासाच्या आदेशासाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. या एका पायरीवर बहुतेक प्रकरणं मरतात.

लिलाव

बिनविरोध निवडणूक कायद्याने होऊ शकते, पण पद विकता येत नाही. जानेवारी २०२१ मध्ये नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळी आणि नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे इथे पदांच्या लिलावामुळे राज्य निवडणूक आयोगाने सगळी निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. 'पैसे मंदिराला जाणार, मग वाईट काय?' हा युक्तिवाद गावोगाव चालतो. त्यावर भांडू नका, खोंडामळीचं नाव घ्या आणि विचारा: आपली निवडणूक रद्द झाली तर बोलीचे पैसे कोण परत देणार? हा प्रश्न बोलीत हात वर करणाऱ्यालाच विचारायचा असतो. बैठकीची दवंडी, ग्रुपवरचा निरोप, बोलीचा व्हिडिओ हे सगळं त्याच दिवशी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा.

ओट्यावरचा वाद

इथे नियम एकच पुरतो: प्रश्न कामाला विचारा, घराण्याला नाही. 'नाना चोर आहेत' याला उत्तर एकच, 'तुझा बाप चोर.' 'नाना, मारुती मंदिरापासूनच्या काँक्रीट रस्त्याची मोजमाप पुस्तिका कुठे आहे?' याला उत्तर द्यावं लागतं, आणि नाही दिलं तरी ऐकणाऱ्यांना कळतं. मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली सरकारी वही.

म्हणून ओट्यावर जाण्याआधी कागद हवा. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. बाकीचं माहितीच्या अधिकारात: अर्ज शुल्क १० रुपये, प्रतीला पानाला २ रुपये, उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. 'पाच वर्षांचा सगळा हिशोब द्या' असं लिहिलं की अर्ज लटकतो. 'अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि देयक' एवढंच मागा.

मग टेप घेऊन रस्ता मोजा. अंदाजपत्रकात १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड लिहिलं असेल तर ४५ घनमीटर काँक्रीट हवं. कडेला जाडी १० सेंटिमीटर भरली तर ३० घनमीटर झालं, एक तृतीयांश गेलं. जाडी किमान पाच ठिकाणी मोजा, कारण एका जागेवर 'तिथे खडक होता' हे उत्तर येणारच. एवढं हातात असलं की आवाज चढवायची गरज पडत नाही. 'आप्पा, हिशोब दखाडा' (दाखवा), एवढं अहिराणीतलं वाक्य पुरतं.

आरोपाची पायरी ओळखून शब्द वापरा. तक्रार झाली, गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेलं, दोषी ठरले, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं आणि पुढे अपिलं उच्च न्यायालयात गेली. तिथे 'दोषी ठरवले गेले' म्हणता येतं, कारण निकाल आहे. तुमच्या गावातल्या गटारीबद्दल नुसता अर्ज पडून असेल तर 'अर्ज दिला आहे' एवढंच. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल, निकालावर परिणाम व्हावा म्हणून खोटं विधान करणं हा न्याय संहितेच्या कलम १७५ चा गुन्हा आहे. दारू, बायको, मुलीचं लग्न हे विषय ओट्यावर आले की तिथेच थांबवा. जातीवरून उतरलात तर मामला थेट ॲट्रॉसिटीपर्यंत जाऊ शकतो, आणि जायलाही हवा.

सरपंच महिला असेल तर प्रश्न तिलाच विचारा. पती उत्तर द्यायला लागला तर 'भाऊ, ताईंना विचारलंय' म्हणून थांबा. दोन-तीन वेळा शांतता पसरेल, ती पसरू द्या.

उमेदवारांची समोरासमोर प्रश्नसभा घ्यायची असेल तर मंदिर किंवा मशिदीच्या आवारात नको, प्रचाराला धर्मस्थळ चालत नाही. चावडीसमोरची जागा बरी. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलिसांकडून घ्या, रात्री दहाला बंद. मंडप उमेदवाराच्या पैशाचा असेल तर तो त्याच्या खर्चात धरला जातो, म्हणून सतरंज्याच घाला. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सहाला घरी येतात, साडेसातच्या आधी सभा लावली तर फक्त पुरुष येतील.

दोन्ही पॅनलशी नातं नसलेला माणूस गावात सापडत नाही, म्हणून अध्यक्ष शेजारच्या गावचा आणा, शक्यतो निवृत्त शिक्षक. प्रश्न एकाच रंगाच्या चिठ्ठ्यांवर लिहून घ्या, अध्यक्षांनीच वाचायचे, माइक प्रेक्षकांत द्यायचा नाही. माइक खाली गेला की तो परत येत नाही. उत्तराला दोन मिनिटं, मग शाळेची घंटा. दहा प्रश्न पुरे. शेवटच्या दोन दिवसांत सभा घेऊ नका, तेव्हा डोकी तापलेली असतात.

व्हॉट्सॲप ग्रुपचं थोडक्यात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. तरीही निवडणुकीत ॲडमिनला पोलिसांची नोटीस येते, घाबरू नका, घेऊन सही करा. ग्रुपच्या वर्णनात तीन ओळी लिहा: फॉरवर्ड केलेला मजकूर टाकताना कुठून आला ते सांगा, आवाजाची क्लिप टाकू नका, रात्री दहानंतर बंद. आता कुणाचाही आवाज बनवता येतो, आणि मतदानाच्या आदल्या रात्री आलेली 'आप्पांची क्लिप' तपासायला वेळ नसतो. त्या रात्री ग्रुप फक्त ॲडमिनसाठी उघडा ठेवा.

मतदानाच्या दिवशी

मतदान प्रतिनिधी म्हणून गल्लीतल्या सुना आणि बायका ओळखणारी बाई बसवा, पुरुषाला घुंगटातला चेहरा ओळखता येत नाही. अभिरूप मतदान, म्हणजे मतदान सुरू होण्याआधीची यंत्राची चाचणी, बघायला वेळेआधी पोहोचा. तोतया मतदार वाटला तर त्याचा हात धरू नका, केंद्राध्यक्षाकडे हरकत घ्या, त्यासाठी ठरावीक रक्कम भरावी लागते. तुमचंच मत आधी कुणी टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, प्रदत्त मतपत्रिका मागा. 'मत दिल्याचा फोटो आण' म्हणणाऱ्याला सांगा की मोबाइल आत नेता येत नाही. पाकीटवाल्यांची अर्धी पंचाईत तिथेच होते.

निकालानंतर

निकाल लागल्यापासून दिवस मोजायला लागा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे उमेदवार किंवा मतदार १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे निवडणुकीला आव्हान देऊ शकतो. नगरपालिका आणि महापालिकेत ही मुदत १० दिवसांची आहे. सोळाव्या दिवशी आलेला सर्वोत्तम व्हिडिओसुद्धा या कामाचा नाही. वकील निकालाआधीच गाठून ठेवा.

उमेदवाराला खर्चाचा हिशोब ३० दिवसांत द्यावा लागतो, न दिल्यास ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. २०२२ च्या निवडणुकांत ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५ हजार, सरपंचाला ५० हजारांची मर्यादा होती. ११ ते १३ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ३५ हजार आणि १ लाख. १५ ते १७ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत ५० हजार आणि १ लाख ७५ हजार. तुमच्या निवडणुकीचा आकडा आयोगाच्या आदेशात बघा. तीनशे मतदारांना पाचशेप्रमाणे वाटले तर दीड लाख होतात, आणि हिशोबात मात्र चहा-बिस्किटं आणि हजार पत्रकं दिसतात. हिशोबाची प्रत मागा, तुमच्याकडचे गाड्यांचे क्रमांक आणि पंगतीचे फोटो तिच्याशी ताडून हरकत लेखी द्या.

मिरवणुकीचा मार्ग निकालाच्या आदल्या दिवशी दोन्ही पॅनलच्या दोन-दोन माणसांनी बसून ठरवा आणि ठाण्यात लिहून द्या: हरलेल्याच्या दारासमोर डीजे थांबणार नाही, गुलाल उडणार नाही. मार्ग बदलला तर कुणाला फोन करायचा त्याचा क्रमांकही त्याच कागदावर लिहा.